पंचवीस डिग्री

२२ एप्रिल, सोमवार
दुपारी एमआयडीसीत वीरभद्रप्पांच्या टॉवेल रंगवायच्या कारखान्यात गेलो. तिथे रंगाचं सांडपाणी मेंब्रेनमधून गाळून परत वापरतात. मेंब्रेन किती बसवायचे, पाणी किती स्वच्छ येईल, हे आमच्या सॉफ्टवेअरने आधीच काढून दिलं होतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात उरणारे क्षार, दोनशे दहा येतील असं. मीटरवर तीनशे नव्वद! टॉवेल डागाळतायत.

वीरभद्रप्पा हळूच म्हणाले, "बाई लई हुशार होत्या, सर. पण शेवटी दुखणं... चुकलं असंल की."

सॉफ्टवेअरमधलं गणित सगळं माझ्या बायकोचं, चंद्रिकाचं; स्क्रीन माझे. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात ती गेली. तेव्हापासून तिची फाइल उघडलेली नाही.

२३ एप्रिल
आजही नाही उघडली.

२४ एप्रिल, बुधवार
उघडली. चार वेळा तपासली. बरोबर वाटते — पण मला त्यातलं कितीसं कळतं! चूक निघाली तर लोक तिला तेवढ्यासाठीच लक्षात ठेवतील. माझी बायको होती म्हणून नाही, पण इतकी चांगली इंजिनिअर होती, तिच्या बाबतीत तरी तसं होऊ नये.

२५ एप्रिल, गुरुवार
मशीन चालवणारा तिप्पण्णा वैतागला. "सायेब, मीटरकडं काय बघत बसलाव? वर चला. टाकीत हात घाला की!"

पत्र्यावर काळी टाकी, मेंब्रेनला पाणी हिच्यातूनच जातं. हात घातला — आंघोळीचं पाणी! थर्मामीटर लावला. एक्केचाळीस.

पाणी गरम असलं की मेंब्रेनमधून मीठ जास्त निसटतं. चंद्रिकाने तापमानाचा रकाना ठेवला होता. स्क्रीन सुटसुटीत दिसावा म्हणून मीच तो काढला आणि पुस्तकातले पंचवीस कायमचे घालून टाकले. सोलापुरात!

एक्केचाळीस घालून चालवलं. तीनशे चौऱ्याऐंशी.

लोखंडी जिन्यावरच बसलो. चूक माझी. माझ्या एकट्याची! किती महिन्यांनी छातीभर श्वास घेतला.

२७ एप्रिल, शनिवार
वीरभद्रप्पांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं, ते हसायलाच लागले. "पंचवीस? आमच्याकडं पहाटे तरी असतंय का हो एवढं?" मग थांबून म्हणाले, "बाईंचं नाव घ्यायला नको होतं मी."

ठरलं: टाकीवर छप्पर, आणि गाळलेलं पाणी पुन्हा एकदा गाळायला थोडे मेंब्रेन जास्त. नवे आकडे मी काढून देणार.

३० एप्रिल, मंगळवार
आकडे काढताना तिच्या फाइलमध्ये एक चूक सापडली. पाइपचं एक वळण दोनदा धरलंय. या कारखान्याला त्याने काही फरक पडत नाही. त्या ओळीची तारीख तिच्या दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याची.

भीती वाटली नाही. थकली होती ती. जास्तीची ओळ पुसली. मग उठून एकट्यापुरता भात लावला.