अळनी भाजी, वर ठेचा

नाशिक

केविनच्या पप्पांना येशूच्या नावात सलाम.

आपली लेक प्रार्थना बाळंतपनातून सुखरूप उठली, बाळ दूध पितंय. फोनवर तुमी नुसतं व्हय व्हय करता, म्हनून लिवते.

बीपीपायी डाक्टरनं मीठ तोडलंय. केविन सांगतो, पप्पा भाजी अळनी खातात आनि वर मूठभर ठेचा घेतात. ह्याला पथ्य म्हनता? ठेच्यात मीठ नसतं व्हय? परवा चक्कर आली ती माझ्यापासनं का लपवली?

जवस भाजा, लसून आनि लाल मिरची घालून कुटा. जेवताना वरून लिंबू पिळा. मीठ चिमूटभरबी नको. दोन दिवस घास उतरनार न्हाई, मग सवय हुईल.

गोळी घेता ना? कोंबड्या कोन कोंडतं?

मी आल्यावर भांडायला तुमी मला धड पायजेत.

तुमची,
दया