शिवेवरच्या गुळाबाबत

प्रति,
मे. वैद्यकीय अधिकारी साहेब,
आरोग्य केंद्र, शहापूर, जि. ठाणे

अर्जदारीण: कु. सुंदरा धाऊ वेखंडे, इयत्ता नववी, वरचा पाडा, किन्हवलीजवळ

विषय: रोगजंतूला गोड कळते काय? – या प्रश्नामुळे दोन पाड्यांची मळणी अडल्याबाबत
संदर्भ: आपले आमच्या शाळेतील व्याख्यान

महोदय,

विषयातील प्रश्न आपणांस भर व्याख्यानात विचारणारी मुलगी ती हीच अर्जदारीण. प्रश्न मूळचा तिचा नव्हे. गिरजा व काशी यांनी मागल्या बाकावरून, "इचारून दाखव, नाय तं तुझे आवळे आमचे," अशी पैज घातल्याने ती उभी राहिली. आपण रागावला नाहीत. उलट म्हणालात की, जंतूच्या अंगावर साखरेच्या जातीचे कण असतात, त्यांवरून शरीर परका ओळखते. आपल्या पेशींवरही तसे कण असतात, ते हुडकून जंतू नेमका तेथे चिकटतो. परंतु हे काम खुणेचे आहे, चवीचे नव्हे. अर्जदारिणीस हे इतके आवडले की तिने घरी ओटीवर तेच व्याख्यान दिले. मात्र शेवटचे वाक्य येण्याआधी आईने तिला पाण्यास पिटाळले.

आमच्याकडे तापाची पाठवणी असते. कोणास ताप आला की सुपात भात, हळदकुंकू व गुळाचा खडा घालून सूप शिवेवर ठेवतात, म्हणजे ताप तेथून पुढे जातो. व्याख्यान ऐकून शेजारची ठकूमावशी म्हणाली, "मंग खड्यानी काय व्हतंय गो? जंतूला लांबून दिसाया हवा. आख्खी ढेप ठेवा." पाड्यात तेव्हा ताप होताच, म्हणून ढेप ठेवली. शिवेपलीकडे खालचा पाडा आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

सकाळी खालच्यांनी ढेप आमच्या हद्दीत सरकविली. सांजेला आमच्यांनी ती परत केली. असे रोज चालू आहे. एकही जंतू कोठे गेल्याचे दिसले नाही, मुंग्यांचे मात्र दोन्हीकडे जाणेयेणे वाढले. मळणीला दोन्ही पाडे एकमेकांच्या खळ्यावर जात, तेही थांबले. बैल त्यांचे, खळे आमचे, आणि भात उघड्यावर.

बाबा म्हणतात, "शालंनी वैर लावलं. आता शाला बंद. खलं राखाया बस." ढेपेचा गूळ निराळा आणि जंतूवरची साखर निराळी, असे अर्जदारिणीने परोपरीने सांगितले. पण पहिले व्याख्यान सर्वांस पटले, दुसरे कोणी ऐकेना.

तरी साहेबांनी समक्ष येऊन दोन्ही पाड्यांदेखत सदर गूळ खाऊन दाखवावा, ही विनंती. मुंग्या अर्जदारीण झाडून देईल. ढेप मोठी असल्याने कंपाउंडरसाहेबांसही आणण्यास हरकत नाही.

शाळा सुटण्याच्या भीतीने आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
सुंदरा धाऊ वेखंडे
ता. २१-११-१९६३

सोबत: सदर गुळाचा तुकडा, पुडीत. तपासणीसाठी.

ता. क. – अर्ज घरी वाचून दाखविला. बाबा म्हणाले, "सायब कशाला येतोय तुझा गूल खाया?" त्यावर अर्जदारिणीने आईबाबा दोघांस सांगितले आहे की, "सायब नाय आला तं रविवारी शिवेवर समद्यांदेखत गूल मीच खाईन, आन सोमवारी शालंत जाईन."