धावपट्टीवरची हळद

६ मार्च १९७४
शिजवलेली हळद आज गावाबाहेरच्या धावपट्टीवर वाळत घातली. साऱ्या गावाचीच असते. सांगलीच्या बाजाराला जाईपर्यंत ते डांबर आमचं. उसावर औषध फवारून हे परतले की उतरण्याआधी विमानाची एक फेरी मारतात, तेवढ्यात बायकांनी हळद कडेला ओढायची. आज दोनदा ओढली. पायलटची बायको म्हणून मला कोण सोडतंय! जेवताना ह्यांच्याशी बोलले नाही.

९ मार्च
आजचं आजच लिहून ठेवते.
फेरी झाली, हळद ओढली, ढीग कडेला. विमान खाली आलं तर डावं चाक नुसतं लोंबतंय. वर बसलेल्याला ते दिसत नाही. आम्ही हात हलवून ओरडलो. हे वर गेले, पुन्हा फेरी. पुन्हा हात, पुन्हा फेरी. मग उमगलं, ह्यांना वाटतंय कुणाची तरी हळद राहिलीय! राखणदार तात्यांनी सायकल डोक्यावर धरली, मी तिच्या चाकावर थापा मारत राहिले. विमानानं पंख हलवले. समजलं.
पुढचं मी पाहिलं नाही, डोळे मिटले. सासूबाईंनी पाहिलं. एका चाकावर उतरलं, पंख घासला, गर्रकन वळून हळदीच्या ढिगात. आमच्याच.
हे आपल्या पायानं बाहेर आले. डोक्यापासून पिवळे. सासूबाई रडत, "दुसऱ्यांदा हळद लागली रं तुला!" मी हसले, मग रडले. जीव भांड्यात पडला.
एवढ्या फेऱ्या का मारल्या, नंतर विचारलं तर म्हणतात, "मला वाटलं, तूच चिडून उतरू देत न्हाईस."

१० मार्च
कानामागची हळद निघत नाही. लय छान दिसतात. सांगणार नाही.
सासूबाई म्हणाल्या, "आता नगं उडू बाबा." हे टोपीवरची हळद झटकत राहिले. मी चुलीकडे वळले.

३० मार्च
विमान दुरुस्त होऊन आलं. हे सकाळीच तयार. धावपट्टीवर आमची हळद पसरलेली. बाकीच्यांनी आपापली ओढली. मी बसून राहिले.
"मालन, उचल की."
"आवं, वाळली न्हाई अजून."
वाळली होती. हात लावला की खडखड वाजत होती. ह्यांनीही मूठभर उचलून वाजवली, माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढून शेजारी बसले, हळद खालीवर करत. लांबून बायका फिदीफिदी हसतायत. मला काय त्याचं! दुपार तशीच गेली.
उठताना म्हणाले, "उद्या वाळंल?"
म्हटलं, "बघू."