रापणीची दोरी

बाई, वाचनालय चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांचं एकच जुनं दुखणं: ब्लेडने पानं कापून नेणारा वाचक. त्याच्यावर मी मालवणात किती भाषणं ठोकली, तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकलीत. आता ऐका, तोच उद्योग मी केला.

तुम्ही देवाघरी गेल्यावर आपल्या वाचनालयाची वेबसाइट झाली. सुक्या मासळीवर एक पान हवं होतं. इथल्याच एका शिक्षिकेने तिच्या ब्लॉगवर सुरेख लेख लिहिला होता, सोबत बाजारात बसलेल्या तिच्या आईचा फोटो. मी दोन्ही उचलले. नाव नाही, विचारणं नाही. खाली ‘वाचनालयाकडून’ असं लिहून मोकळा झालो.

ती वाचनालयात आली तेव्हा मी वर्तमानपत्रं लावत होतो.

“सर, माझी आवस तुमच्या वेबसाइटीर आसा. माका इचारल्यात?”

मी लगेच व्यासपीठावर चढलो. ज्ञानाला कुंपण कसलं, नफ्यासाठी थोडंच केलंय, आणि आपल्याकडे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढताना दोरीला जो हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतोच ना!

“मगे दोरयेक हात खंय लायल्यात? तुमी थेट टोपलेत हात घातल्यात.”

वर्तमानपत्र वाचणारे दोघे म्हातारे हसले. ती हसली नाही. तिने पिशवीतून एका हॉटेलचं मेनूकार्ड काढलं. सुक्या बांगड्याच्या भावाशेजारी तिची आई. हॉटेलवाला तिला म्हणाला होता, फोटो वाचनालयाच्या साइटवर होता, म्हणजे सगळ्यांचाच असणार.

बाई, मला एकदम झेरॉक्सचा दिवस दिसतो. फोंडाघाटच्या एका निवृत्त मास्तरांचं पुस्तक मी सभासदांसाठी आख्खं झेरॉक्स करून आणलंय, छाती फुगवून उभा आहे, आणि तुम्ही चष्मा काढून विचारताय, “मग मास्तरांचं पुस्तक आता विकत घेणार कोण?”

साइटवरचं ते पान मी तिच्यासमोर उतरवलं. हॉटेलात स्वतः गेलो आणि कार्डं बदलून घेतली. मग कायदा वाचायला बसलो. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी थोडा मजकूर नावासह घ्यायला मोकळीक आहे. आख्खा लेख उचलायला नाही, मग वाचनालय कितीही फुकट चालो. आठवड्याने तिला रीतसर विचारलं. तिने चार ओळी दिल्या, लेखाचा दुवा दिला आणि फोटोही दिला, खाली आईचं नाव घालायच्या अटीवर. फोटोखालचं नाव बघून आता लोक आपणहून येतात, “आमच्याकडचो फोटो व्हयो काय?” म्हणतात. वाचनालय असं भरलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. सुखात आहे मी, बाई.

एक पान मात्र राहिलंय. वाचनालयाच्या इतिहासाचं. ते शब्दन् शब्द तुमच्या वहीतून घेतलंय आणि खाली माझं नाव होतं. ते उतरवलं. आता तुमचं नाव घालून लावायचं तर दोडामार्गला तुमच्या मुलीला विचारायला हवं. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी चार दिवस फोनजवळ नुसता घुटमळतोय. ती नाही म्हणेल याची भीती वाटते. म्हणून हे पत्र, जे कुठेच जाणार नाही. उद्या सकाळी फोन करतो. तुम्ही एवढंच करा: चोरी कबूल करून माझं पुरतं विचारून होईपर्यंत तिला ‘हो’ म्हणू देऊ नका.