तीन सेकंद मागे

४ नोव्हें., मंगळ.
हैदराबादी मराठीच्या मुलाखती ऐकून उतरवणं, फाईल २१ अर्धी. सकाळपासून तेच. प्लेअर एका खिडकीत, लिहिणं दुसऱ्या. ऐकायचं, माऊसने थांबवायचं, इकडे येऊन लिहायचं, तोवर वाक्याचं शेपूट डोक्यातून गेलेलं. पुन्हा तिकडे.
वरच्या मजल्यावरची श्रावणी कुरिअर द्यायला आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाली, ‘इत्ता माऊस कायकू घुमा रही तू? हाथ नै दुखता? एडिटर के अंदरच प्लेअर बिठा देती मैं. इतवार को आती.’
लिहिलेल्या फाईलींना काही होणार नाही ना, विचारलं.
‘अय्यो, कुछ नै होता.’
तरी सगळ्याच्या प्रती पेन-ड्राइव्हवर काढल्या. पेन-ड्राइव्ह आत्याच्या कपाटात ठेवला.

९ नोव्हें., रवि.
दहा ते एक. प्लेअर बसला, पण आवाज नाही. श्रा. म्हणे, एडिटरमधला नुसता हुकूम सोडतो, खरं वाजवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, तो माझ्या मशीनमध्ये नव्हताच. तो घेतला. आवाज आला, देवनागरी गेली. सगळीकडे चौकोन. फॉन्ट बदलला.
कळा ठरवल्या. एफ ६: वाजव, थांब. एफ ७: तीन सेकंद मागे. एफ ८: सावकाश. एफ ९ दाबलं की जिथे ऐकतेय ती वेळ मजकुरात उमटते, आणि नंतर त्या वेळेवर कर्सर ठेवून एंटर केलं की आवाज तिथूनच सुरू होतो. हात कळफलकावरून उचलायलाच नको.
आत्या दारातून: ‘गाणी लावायला तीन तास?’
‘गाणी नाहीत आत्या, काम आहे.’
‘कामाला कान लागतात. बटणं नाही.’
श्रा.ला मराठी येत नाही. तरी हसली.

११ नोव्हें., मंगळ.
कळा सरावाच्या नाहीत अजून. आवाजांच्या यादीच्या खिडकीत p दाबलं की थांबतं. मजकुरात p दाबलं की p उमटतं. एका आजोबांच्या बोलण्यात मध्येच pp, ppp. ते तसंच प्रकल्पाच्या मॅडमना गेलं असतं. तीनदा शोधून काढले, मग चौथ्यांदा.
पण २१ संपली. एका दुपारीत.

१४ नोव्हें., शुक्र.
मॅ.ना जुन्या फाईलींतही वेळा घालून हव्यात. म्हणून ११ उघडली. निवृत्त कारकून, नामपल्ली. मी लिहिलं होतं: ‘पूर्वी आमची मराठी शाळा बंद पडली.’ वाक्य डोळ्यांसमोर, आवाज कानात. ते म्हणतात ‘परवा’. परवा आमची शाळा बंद पडली. तीन सेकंद मागे. परवा. पुन्हा मागे. परवाच.
शाळा बंद पडून तीस वर्षं झाली असतील. इथे परवा म्हणजे कधीही. दोन दिवसांपूर्वी, नाहीतर लग्नाआधी. हे मला माहीत आहे, मी स्वतः तसं बोलते. तरी हाताने ‘पूर्वी’ लिहिलं.
पुढे ऐकत गेले. ते ‘हौ’ म्हणतात, माझ्या फाईलीत ‘हो’. ‘नक्को’चं ‘नको’. ‘पोट्टे’चं ‘मुलं’. १२ उघडली. तेच. १३. तेच.
प्रकल्पाच्या कागदावर पहिलीच ओळ आहे: जसं बोललं तसं लिहा, दुरुस्ती करू नका. मी दुरुस्ती केली असं मला आठवत नाही. मला तसंच ऐकू आलं.

१५ नोव्हें., शनि.
शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. मराठी फक्त घरात, आत्याकडून, जेवणाच्या टेबलावर, चौथ्या वर्षापासून. माझ्या तोंडून ‘हौ’ गेलं की कॅलेंडरच्या जुन्या पानामागे दहा वेळा ‘हो’. पानं संपली की शेजारच्यांकडून मागून आणायची. मागायला मलाच पाठवायची.
हे कारण आहे, सबब नाही. मॅ.ना यातलं काही लिहिणार नाही.

१७ नोव्हें., सोम.
मेलचे चार खर्डे. पाठवलेला सर्वांत लहान. बावीस फाईली चुकल्या आहेत, पुन्हा करते.
तासाभरात मॅ.चा पुण्याहून फोन. ‘नंदिनी, मला वाटतच होतं. हैदराबादचे सगळे म्हातारे सदाशिव पेठेत वाढल्यासारखे कसे बोलतात?’
मग विचारलं का नाही, असं मी विचारलं नाही.
‘तीस तारखेपर्यंत द्या. आणि फाईल तेवीसही.’

२० नोव्हें., गुरु.
जुन्या नऊ झाल्या. मध्ये २३ उघडली. फाईलवर नाव नसतं. ‘स्त्री, निवृत्त मराठी शिक्षिका, दिलसुखनगर.’ एफ ६.
आत्या.
मुलाखत दिली हे घरात बोलली नव्हती. घेणारी सबा, आमच्या प्रकल्पातलीच, जुन्या शहरातली. मराठी शेजाऱ्यांत वाढली, म्हणून छान बोलते. आत्या तिच्याशी हसते. घरी असं हसलेलं मला आठवत नाही.
सबा विचारते, घरी कुणाला शिकवलंत?
‘हौ तर. आमच्या नंदूला. मोठी भित्री पोट्टी. चूक होईल म्हणून तोंडच उघडायची नाही. परवा मी तिला बोलले, नक्को गं घाबरू, हल्लू वाच. तर रडायलाच बसली. मीच जास्त कडक झाले काय की.’
हा परवा वीस वर्षांपूर्वीचा. मला तो दिवस आठवत नाही.
जसं आहे तसं उतरवलं. वेळ १४:०६.

२३ नोव्हें., रवि.
नियम असा: बोलणाऱ्याने मजकूर वाचून सही करायची. सही नसेल तर फाईल बाद, आवाजही पुसून टाकतात. छापून सहीच्या कागदासकट आत्याला दिली. माझ्याकडे काम आलंय एवढंच सांगितलं.
दुपारच्या चहाला परत. लाल पेन्सिल. प्रत्येक हौ खोडून हो. नक्को, हल्लू, पोट्टी, सगळं. ‘काय की’ला गोल, बाजूला ‘कदाचित?’. अक्षर अजून छापल्यासारखं.
‘त्या सबाने लिहिलं हे?’
‘मी लिहिलं.’
‘तुला मी हे शिकवलं?’
‘तू तसं बोललीयस, आत्या.’
‘मी? जन्म गेला माझा मराठी शिकवण्यात. मी हौ म्हणते?’
‘तुझं नाव नाही छापत ते.’
‘आवाज ठेवतात ना? आवाजाला काय बुरखा घालतात?’
सही नाही. ‘हे नीट करून आण, मग बघू.’
‘मीच जास्त कडक झाले’ याच्यावर रेघ नाही. तेवढं वाक्य सोडून दोन्ही बाजूंना लाल.

२४ नोव्हें., सोम.
जुन्या सोळा झाल्या.
नीट करून दिलं तर सही मिळेल, आत्याही खूश. मग सतराव्या फाईलीतल्या आजींचं हौ कुठल्या तोंडाने परत घालायचं? नाही दिलं तर ३० तारखेला ते हसणंही पुसतील. एक प्रत लपवून ठेवता येईल. येईल, पण ठेवणार नाही. नियम सगळ्यांना सारखा.
आत्याने जेवताना नुसतं पाणी मागितलं.

२६ नोव्हें., बुध.
दुपारी तिला खुर्चीत बसवलं. न विचारता १४:०६ वर एंटर केलं.
ऐकून झाल्यावर: ‘हा माझा आवाज नाही.’
एफ ७.
‘आवाज माझा आहे. त्या मुलीने उलटसुलट जोडलंय.’
एफ ७. तिने चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा लावू का, विचारलं.
‘लाव. जरा हल्लू लाव.’
एफ ८ दाबलं. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. सावकाश केल्यावर आवाज खूप म्हातारा वाटतो. पूर्ण ऐकून उठली. दारात थांबून म्हणाली, ‘तू रडली होतीस. मी काहीही बोलले नसताना रडली होतीस.’ आणि आत गेली.
लाल रेघा नसलेली एक प्रत छापून, सोबत सहीचा कागद टाचून, आत्याच्या उशाशी ठेवली.

२८ नोव्हें., शुक्र.
आबिड्सला पोस्टात जायचं होतं, बाकीच्यांचे आतापर्यंत आलेले सहीचे कागद पाठवायला. निघताना आत्या: ‘ते यंत्र एकटीला चालवता येईल का? मागे नेण्याची कळ कुठली?’
दाखवली. मजकुरात दुसरं काही दाबू नको म्हणाले.
चपला घालेपर्यंत आतून तेच वाक्य. तीन सेकंद मागे. तेच वाक्य. जिन्यातही ऐकू येत होतं.
परतायला पावणेतीन तास लागले, पोस्टात रांग. आत्या झोपली होती. फाईल २३ उघडीच, कोपऱ्यात दोन फुल्या. म्हणजे मजकुरात काहीतरी बदललंय आणि अजून जतन केलेलं नाही. चुकून एक अक्षर पडलं तरी फुल्या येतात. सगळे हौ काढले तरी याच येतात.
तशीच ठेवली.

२९ नोव्हें., शनि.
बावीसही झाल्या, पाठवल्या. उरली २३.
सकाळी चहाच्या कपाखाली सहीचा कागद. ‘फाईल २३ चा मजकूर वाचला, मान्य आहे.’ खाली पूर्ण नाव, वळणदार. तारखेची जागा कोरी.
श्रा. म्हणाली, एक कमांड आहे, जुनं-नवं बाजूबाजूला दाखवते, क्या क्या बदला सब दिखता. कमांड कागदावर लिहून दिली. वहीत ठेवली आहे.
आत्या गॅलरीत मेथी निवडत होती. सही बदल करण्याआधीची असेल तर जसं बोलली तसं तिला मान्य. नंतरची असेल तर तिने जे केलं ते. तारीख घालायला हवी, म्हणून विचारलं, ‘आत्या, सही कधी केलीस?’
मान वर केली नाही.
‘परवा.’
मी तिच्या शेजारी बसून मेथी निवडू लागले. कुठला परवा, ते विचारलं नाही. आत मशीन चालू आहे, फुल्या आहेत तिथेच आहेत.