यादीतून गाळलेल्या अकरा आज्या

ती. आईस,

आधी नमस्कार, मग राग. तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं.

गोळ्यांची आठवण करून देणारं आमचं मोबाइल ॲप चाळीस म्हाताऱ्या माणसांना देऊन पाहिलं. अकरा आज्यांना त्यातलं बटणच दिसेना. आमच्या प्रकल्पाच्या सरांनी त्यांच्या नावांपुढे ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा मारला, त्यांना यादीतून काढलं आणि अहवालात लिहिलं, ‘सर्वांना जमलं.’

मी म्हटलं, “सर, ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच गाळलंत की.”

“त्यांना धरलं तर निकाल बिघडतो.”

अहवालावरचं माझं नाव मी काढायला लावलं. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुला रंगावरून गोळ्या ओळखता येतात ना अजून? मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नकोस. इथे असतीस तर गाळलेली बारावी तूच असतीस.

तुझी,
धाकटी