एकवीस दिवस पुरेल इतका इतिहास

तेप्लोक्ल्यूच, गुरुवार

परमआदरणीय ग्लाफिराताई,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रोस्तोवच्या दमट हवेत ते कुरकुरत असणारच. भावोजींचा खोकला, मांजरीचा डोळा आणि मी कायमचा राहायला येणार म्हणून तू रंगवून ठेवलेली मागची खोली, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. खोलीचा विषय पुढे येईलच (शेवटचं पान आधी वाचू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे). मी ठणठणीत आहे. मंगळवारी नव्हतो.

आपलं गाव तुला माहीतच आहे. स्टेशनपासून झऱ्यांच्या मंडपापर्यंत एक रस्ता, मागे टकला डोंगर आणि पाच झरे (नंबर अकरापर्यंत आहेत, मधले कुठे गेले ते नगरपालिकेलाही सांगता येत नाही). गुडघा दुखणाऱ्या एका जनरलनं इथल्या गरम चिखलात पाय घातला, त्याला बरं वाटलं आणि गाव वसलं. झाला इतिहास! संग्रहालयाचा गाईड म्हणून अठरा वर्षं मी हाच सांगतोय. रेंगाळत सांगितला, मध्ये दोनदा खोकलो, तरी दोन तासांत आटपतो. कुणाची कधी तक्रार नाही. लोक येतात ते पाणी प्यायला. दोन पेल्यांच्या मधला वेळ घालवायला म्हणून माझं ऐकतात.

आणि मग पेंझाहून रिम्मा अर्काद्येव्ना आल्या. एकवीस दिवसांच्या उपचाराला, यकृतासाठी. (भुवया खाली घे, ताई.) माझ्यासारख्याच एकट्या, राखाडी टोपी, हातात तोटीचा पेला. पहिल्या दिवशी माझे दोन तास संपले तेव्हा त्यांनी वही मिटून विचारलं, "उद्या पुढचा भाग किती वाजता?" पुढचा भाग! आता "बाई, जनरल वारला, गाव संपलं" असं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, साडेनऊला.

तिथून मी जे सुटलो ते सुटलोच. दुसऱ्या दिवशी जनरलला एक बहीण दिली. चौथ्या दिवशी इराणच्या राजपुत्राचा चहाचा समोवार चोरीला गेला. नवव्या दिवशी टकल्या डोंगरावरून महापूर आणला (तिथे साधा ओहोळसुद्धा नाही!). त्या सगळं चौकटीच्या वहीत टिपून घेत होत्या. मला मनातून मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि साडेनऊ कधी वाजतात असंही होई.

मंगळवारी त्या म्हणाल्या, "सावेली निकीतिच, तुम्ही स्वतः कधी पाणी पीत नाही वाटतं?" आपल्या गावात ते कोण पितं, तूच सांग! पण त्यांनी आपला पेला पुढे केला. चार नंबरचा झरा, कोमट, सुस्त यकृतासाठी. नाही कसं म्हणू? दोन पेले प्यालो. ताई, माझं यकृत जन्मात कधी सुस्त नव्हतं. जनरलची बहीण तलवार उपसून कड्यावर उभी राहिली आणि मी तिला तिथेच टाकून धूम ठोकली. बँडवाल्यांच्या मधून, फुलांच्या ताटव्यातून. एक पेन्शनर ओरडला, "अहो, हळू चालायचं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय!" स्वच्छतागृहाच्या दूनियाबाईंनी तर दाराबाहेरून गावाला ऐकू जाईल असं सुनावलं, "तुम्हीसुद्धा? इतकी वर्षं शहाण्यासारखे राहिलात की हो!"

तासाभरानं पांढराफटक होऊन परतलो. वाटलं होतं, गेल्या असतील. बाकावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग बहिणीनं उडी मारली का?" खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. म्हटलं, बहीण नव्हतीच.

"ठाऊक आहे मला."

बाईंनी पेंझाच्या दप्तरखान्यात तीस वर्षं नोकरी केलीय! दुसऱ्याच दिवशी आपल्या वाचनालयात जाऊन गावाचा सगळा इतिहास वाचून आल्या होत्या. चाळीस मिनिटं लागली म्हणे. मग रोज का येत होतात, मी विचारलं. तर म्हणाल्या, "पेंझात माझ्यासाठी इतकी मेहनत घेऊन कुणी खोटं बोलत नाही." ताई, माझी बायको नीना गेल्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

परवा शनिवारी त्यांचा एकविसावा दिवस. म्हणून आज सकाळी मी छाती पुढे काढून सरळ विचारलं, इथेच राहता का? त्या हो म्हणाल्या. तेव्हा त्या खोलीत तू तुझं शिलाई मशीन ठेव आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा धाकटा,
सावेली

ता. क. खरं काम राहिलंच. आईच्या निळ्या फुलांच्या संचातले दोन कप पाठव. सहा नकोत, दोनच.

ता. क. दुसरा. जनरलची बहीण मी तुझ्यावरूनच बेतली होती. सगळ्या लढाया तिनंच जिंकल्या.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे, घाबरू नये). ग्लाफिरा निकीतिच्ना, पत्र पेटीत टाकण्याआधी मी तपासायला मागून घेतलं. दोन चुका आढळल्या. पेले दोन नव्हते, तीन होते. आणि यांनी काहीएक विचारलं नाही. मंगळवारपासून समोर बसून नुसती टोपी फिरवत होते. शेवटी आज मीच विचारलं. "हो" ते म्हणाले. बाकी मजकूर बरोबर आहे. — रिम्मा